आठ शेहेचाळीसचा चंद्र

तिळाच्या लाडवांचं मिश्रण परातीत वाफाळत होतं आणि निम्मे लाडू वळून झाले होते, तेव्हा फोन वाजला. पाक आळायला लागला की तो कुणासाठी थांबत नाही. सुमित्राबाई आठल्यांनी तुपाचा हात वरच धरला, दुसऱ्या हाताने रिसीव्हर उचलला आणि मानेत दाबून धरला. फोन लताचा होता. लता म्हणजे दिल्लीतल्या एका जुन्या मराठी मंडळाच्या महिला शाखेची चिटणीस. पूर्वी सरोजिनी नगरात दोघींचे क्वार्टर एकाच जिन्याला होते, त्यामुळे ती बोलणं नेहमी मधूनच सुरू करी.

“ऐक, गुरुजी आठ एकोणसाठवर अडून बसलेत.”

गोष्ट अशी होती. त्या दिवशी पौषातली संकष्टी होती आणि पहाडगंजच्या सभागृहात मंडळाचं हळदीकुंकू होतं. साठेक बायका येणार होत्या, बहुतेकींचा उपास. तिथेच चंद्रोदयाला अर्घ्य द्यायचं, नैवेद्य दाखवायचा आणि जेवून घरी जायचं, असं ठरलं होतं. पण बाहेर आठवडाभर दिल्लीचं धुकं पडलेलं; समोरच्या इमारतीचा दिवा दिसत नव्हता तिथे चंद्र काय दिसणार. म्हणजे सगळी भिस्त घड्याळावर, आणि घड्याळावरूनच भांडण. भिंतीवरच्या कॅलेंडरात मुंबईचा चंद्रोदय नऊ सोळा छापला होता. मंडळाचं पंचांग बघणारे विश्वनाथगुरुजी तीस वर्षं सांगत आले होते, की दिल्ली मुंबईच्या पूर्वेला, म्हणून सतरा मिनिटं वजा करा. झाले आठ एकोणसाठ. आणि सुमित्राबाईंच्या वेबसाइटवर दिल्लीचा चंद्रोदय होता आठ शेहेचाळीस.

फरक तेरा मिनिटांचा. एरवी तेरा मिनिटांत दूधसुद्धा नीट तापत नाही. पण सुमित्राबाईंचं ऐकून साठ जणींनी अर्घ्य दिलं, घास घेतला, आणि चंद्र उगवायचाच असला, तर साठ उपास मोडले. ज्या बाईने आयुष्यात एक संकष्टी चुकवली नाही, तिच्या माथी.

लताने तोडगा काढला होता. सुमित्राबाईंच्या पानावर खाली ‘चंद्र दिसला’ अशी एक वही होती. ज्या गच्चीवरून ज्या बाईला चंद्र दिसेल तिने तिथे नाव, ठिकाण आणि वेळ लिहायची. सभागृहाला लागूनच मंडळाच्या ऑफिसात काँप्युटर होता. आठ एकोणसाठच्या आत दिल्लीच्या आसपासहून एक जरी नोंद आली, तर सुमित्राबाईंचं खरं. नाही आली, तर गुरुजींचं घड्याळ, आणि पुढेही कायम गुरुजींचंच.

“काय म्हणाले गुरुजी यावर?” सुमित्राबाईंनी विचारलं.

“म्हणाले, स्वयंपाकघरातल्या मशीनवर उपास सोडायचे दिवस आले.”

“स्वयंपाकघरात नाही म्हणावं, कोठीच्या खोलीत आहे,” सुमित्राबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. परातीतला उरलेला तीळ तोवर दगड झाला होता.

सुमित्राबाई वाईच्या. लग्न होऊन दिल्लीला आल्या तेव्हा पद्माकर आठले एका मंत्रालयात असिस्टंट होते. सरोजिनी नगरातल्या दोन खोल्या, समोर गच्चीवर जाणारा जिना, आणि पहिल्याच संकष्टीला सुमित्राबाईंच्या लक्षात आलं, की माहेरून आणलेलं कॅलेंडर इथे चालत नाही. कॅलेंडर म्हणत होतं नऊ वाजून काही मिनिटं, आणि चंद्र त्याआधीच शेजारच्या ब्लॉकच्या टाकीवर येऊन बसला होता. त्या रोज रात्री निजण्याआधी वहीत चार ओळी लिहीत: कोण आलं, काय शिजवलं, कोणती तिथी. त्या दिवशी त्यांनी पाचवी ओळ लिहिली: चंद्र ८.४०ला दिसला. पुढे दर चतुर्थीला ती ओळ लिहायची सवयच झाली. ताप असला तरी शाल पांघरून गच्चीवर जायच्या. पद्माकर म्हणायचे, चंद्राची हजेरी मांडणारी देशात ही एकटीच बाई असेल.

अशी सतरा वर्षं गेली. तीन क्वार्टर बदलले. मग सहकारी सोसायटीत नाव लागलं आणि आठले यमुनेपलीकडे नोएडाला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. तेव्हा सेक्टरांना नुसते आकडे होते, घरं तुरळक होती. ‘जंगलात चाललात’ असं मंडळातले लोक तोंडावर म्हणाले. सुमित्राबाईंना मात्र चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून आयुष्यात पहिल्यांदा अख्खं क्षितिज दिसलं. आता चंद्र टाकीमागून येत नव्हता, जमिनीतून येत होता. त्यांच्या वहीतले आकडे तेव्हापासून अगदी मिनिटापर्यंत खरे झाले.

आणि मग एका दुपारी सगळ्या वह्या पुढ्यात घेऊन त्यांनी महिनावार ओळी जुळवल्या. गुरुजींची सतरा मिनिटं वर्षातून जेमतेम दोन-तीन महिने लागू पडत होती. पौषात दिल्लीचा चंद्र मुंबईच्या अर्धा तास आधी येत होता. ज्येष्ठात दोघे जवळजवळ बरोबरीने. त्यांना आधी वाटलं आपणच चुकलो. सेक्टरच्या ग्रंथालयातून खगोलाचं पुस्तक आणलं, वाती वळतावळता वाचलं, तेव्हा उलगडा झाला. दिल्ली नुसती पूर्वेला नाही, उत्तरेलाही आहे. पौषातल्या चतुर्थीचा चंद्र पूर्वेच्या बराच डावीकडे, म्हणजे उत्तरेला सरकून उगवतो; तो उत्तरेच्या लोकांना आधी भेटतो. ज्येष्ठात तो उजवीकडे सरकतो आणि दिल्लीकरांना मिळालेली सतरा मिनिटं परत काढून घेतो.

काँप्युटर त्यांच्याकडे आला तो मुलाचा टाकलेला म्हणून. सिद्धांत पुण्याला नोकरीला गेला आणि जुनं मशीन मागे ठेवून गेला. सुमित्राबाईंनी सेक्टर अठराच्या बाजारात काँप्युटरच्या क्लासला नाव घातलं, दुपारची बॅच. वय एकोणपन्नास. क्लासमधल्या मुली ‘आंटी, आप बेटे के लिए पूछने आई हैं?’ असं विचारत. सहा महिन्यांनी त्याच मुली गणिताचं सूत्र पानात कसं बसवायचं ते आंटींना विचारू लागल्या.

पहिलं पान त्यांनी एका फुकट जागा देणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर टाकलं. वर गणपतीचं चित्र, खाली बारा महिन्यांचे चंद्रोदय. दोन महिने बरे गेले. तिसऱ्या संकष्टीला पान उघडलं तर गणपतीच्या डोक्यावर तंदुरी कोंबडीची जाहिरात नाचत होती. सुमित्राबाईंनी तो दिवस अबोल्यात काढला. सिद्धांतने फोनवर समजावलं, की आई, भाड्याने चांगली जागा मिळते, मी लावून देतो, घरी मशीन चालवत बसणं म्हणजे डोकेदुखी आहे, वीज, लाइन, सगळं तुलाच बघावं लागेल. त्या म्हणाल्या, “देवघर मी कुणाच्या भरवशावर ठेवलंय का आजवर?”

त्या वर्षी टेलिफोनवाल्यांनी घरोघर ब्रॉडबँड द्यायला सुरुवात केली होती. कोठीच्या खोलीत गव्हाच्या पिंपाशेजारी एक पाट ठेवून त्यावर जुनं मशीन बसलं, पडद्याशिवाय, नुसता डबा, आणि तेव्हापासून तो डबा दिवसरात्र घुमत राहिला. हा त्यांचा सर्व्हर. जगात कुणीही पान उघडलं, की ते या कोठीतून जाई. नावही त्यांनी स्वतःचं घेतलं: चंद्रोदय-दिल्ली डॉट कॉम. एक अडचण मात्र होती. टेलिफोनची लाइन तुटून पुन्हा जोडली गेली, की घराचा इंटरनेटवरचा नंबर बदले, आणि नाव जुन्याच नंबराकडे बोट दाखवत बसे. क्लासमधल्या सरांना हे समजावताना घाम फुटला, पण सुमित्राबाईंना क्षणात कळलं. सरकारी क्वार्टरच ते. आठले तेच, पाटी तीच, क्वार्टरचा नंबर दुसरा; नव्या घरी सामान लावायच्या आधी पोस्टमनला आणि दूधवाल्याला सांगून यायचं. तसा ‘आम्ही इथे राहायला आलो’ असं सांगणारा एक लहानसा प्रोग्रॅम त्यांनी मशीनमध्ये बसवला. तो दर तासाला एकदा जागा होऊन नवा नंबर कळवून येई.

त्या संध्याकाळी साडेसातला त्यांनी देवापुढे समई लावली. शेजारच्या त्यागीभाभींनी दारातून वाकून विचारून घेतलं. त्यांची त्या दिवशी सकट चौथ होती, मुलासाठी धरलेली, चंद्र त्यांनाही हवाच होता. “भाभीजी, आपका टाइम पक्का है न?” “बिल्कुल पक्का,” सुमित्राबाई म्हणाल्या खऱ्या, पण दार लावल्यावर जुनी वही काढून आकडा पुन्हा एकदा ताडून घेतला.

आठला पाच कमी असताना वीज गेली. नोएडात ती जायचीच; इन्व्हर्टर होता, मशीन त्यावर होतं, चिंता नव्हती. सुमित्राबाई मोदकांसाठी आधण ठेवून अंधारात उकड काढायला लागल्या.

सव्वाआठला लताचा फोन आला. पान उघडत नव्हतं.

“उघडत नाही म्हणजे?”

“म्हणजे उघडत नाही. पांढरं. गुरुजी शेजारीच उभे आहेत, घड्याळाकडे बघतायत.”

सुमित्राबाई कोठीत गेल्या. डबा घुमत नव्हता. त्यांनी भिंतीकडे हात नेला आणि बोटांना कळलं, की बटण बंद आहे. दुसरंही बंद. टेलिफोनच्या डबीचं, म्हणजे मोडेमचंसुद्धा.

पद्माकर सोफ्यावर शाल गुंडाळून निवांत बसले होते. दिल्लीत आल्यापासून त्यांचा एक नेम होता: वीज गेली की उठायचं आणि घरातलं एकेक बटण बंद करायचं, कारण वीज परत येताना झटका देऊन येते आणि वस्तू जाळते. सरोजिनी नगरात त्यांनी या नेमावर दोन फ्रिज आणि एक टीव्ही सांभाळला होता. आजही त्यांनी तो मनोभावे पाळला होता, दिव्यांपासून कोठीपर्यंत.

“तीस वर्षं बटणं बंद करतोय,” ते उठत म्हणाले, “कुणी नाव ठेवलं नाही.”

“मग आज ठेवते. टॉर्च आणा.”

सुमित्राबाईंनी मशीनला पडदा जोडला आणि बाकीचं सगळं बंदच ठेवून मशीन, डबी आणि तो पडदा तेवढा चालू केला. पण मशीन एकदा असं अर्ध्यात मारलं, की ते उठल्यावर आधी स्वतःची सगळी कपाटं तपासतं. पडद्यावर टक्के यायला लागले. चार. सात. नऊ. त्याला घाई करता येत नाही. सुमित्राबाईंना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मध्ये काही दाबलं नाही. पाटासमोर मांडी घातली आणि अथर्वशीर्ष म्हणायला घेतलं. पद्माकर टॉर्च धरून उभे. एक आवर्तन झालं तेव्हा एकतीस टक्के. स्वयंपाकघरातून उकड लागल्याचा वास आला. पद्माकर टॉर्चसकट पळाले, गॅस बंद करून आले, आणि परत येऊन जिथे होते तिथेच उभे राहिले. पाचव्या आवर्तनाला मशीन जागं झालं. घड्याळात आठ सदतीस.

आता नंबर. डबी बंद होऊन चालू झाल्यामुळे घराचा नंबर बदलला होता, आणि निरोप्या प्रोग्रॅम नऊच्या ठोक्याला जागा होणार होता. नऊपर्यंत थांबणं म्हणजे गुरुजींच्या आठ एकोणसाठला स्वतःच्या हाताने कुंकू लावणं. सुमित्राबाईंनी नावाची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचं पान उघडलं, चष्मा पुसला, जुना नंबर खोडून नवा घातला. एकेक आकडा पद्माकरांनी डबीच्या पानावरून वाचून सांगितला, आयुष्यभर फायलींवरचे आकडे वाचले तसा, दोनदा. मग वाट बघण्यापलीकडे काही नव्हतं.

आठ शेहेचाळीसला लताचा फोन आला. पान उघडलं होतं. पण सभागृहात कुणी हलत नव्हतं. साठ जणी ताम्हन, पळी घेऊन उभ्या, खिडक्यांबाहेर कापसासारखं धुकं, आणि वहीत एकही नोंद नव्हती. पाऊण तास पान बंद होतं. कंटाळून लोक गेलेही असतील. लता हळू आवाजात म्हणाली, की बायका म्हणतायत सुमित्रावर विश्वास आहे, पण उपास आहे गं. सुमित्राबाईंना ते लागलं नाही. त्यांच्या जागी त्याही थांबल्या असत्या.

आठ पन्नास. आठ बावन्न. पडद्यावरची वही कोरी. पद्माकरांनी सहज म्हणून खिडकीतून वर पाहिलं आणि परत आले.

आठ त्रेपन्नला एक ओळ आली. नाव: मयुरा. ठिकाण: गुडगाव, सतरावा मजला. खाली लिहिलं होतं: धुकं खाली राहिलंय, इथून ढगांवरून बघितल्यासारखं दिसतं. चंद्र आत्ता वर आला, लालसर आहे, जरा चपटा. काकू, मी आत्ता अर्घ्य देते.

सुमित्राबाई त्या मुलीला ओळखत नव्हत्या. त्या मजल्याइतक्या उंच त्या कधी चढल्याही नव्हत्या. त्यांनी ओळ दोनदा वाचली आणि फोनमध्ये नुसतं म्हणाल्या, “बघ.”

पलीकडे कुजबुज झाली, मग गुरुजींचा आवाज आला. आवाज शांत होता. त्यांनी विचारलं, नोंद तुमच्याच घरच्या मशीनवर आली आहे, तर या मुलीचा काही ठावठिकाणा आहे का. पानावर लिहिताना फोन नंबर द्यावा लागे, तो दुसऱ्या कुणाला दिसत नसे. सुमित्राबाईंनी तो वाचून दाखवला. पुढचं त्यांना लताने नंतर सांगितलं. गुरुजींनी सभागृहातल्या फोनवरून स्वतः मयुराला फोन लावला. साठ जणी ऐकत होत्या. पंचाहत्तरीचा माणूस, चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला; त्याने वेळ विचारलीच नाही. त्याने विचारलं, “पोरी, पूर्वेला तोंड करून उभी राहा. चंद्र समोर आहे की बाजूला?” मयुराला पूर्व कुठली ते सांगता येईना. सकाळी ऊन कुठल्या खिडकीतून येतं ते आठवून ती म्हणाली, की सूर्य येतो त्या खिडकीत नाही काका, चंद्र तिच्या पुष्कळ डावीकडे आहे, बेडरूमच्या खिडकीत.

गुरुजींनी फोन ठेवला. थोडा वेळ हाताची बोटं मोजत उभे राहिले. मग म्हणाले, “अक्षांश. मी नुसते रेखांश धरत आलो.” आणि लताच्या हातातली पळी घेऊन पहिलं अर्घ्य त्यांनी सोडलं. घड्याळात तेव्हा आठ सत्तावन्न झाले होते. स्वतःच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी.

नऊच्या पुढे वहीत नोंदी यायला लागल्या. फरीदाबादहून एक, दिल्लीतल्याच द्वारकेच्या टॉवरमधून तीन, गाझियाबादहून एका बाईने हिंदीत लिहिलं की ‘दिख गया, जय गणेश’. वीज आली तेव्हा पद्माकर जागेवरून हलले नाहीत, बटणांकडे नुसतं बघून घेतलं. सुमित्राबाईंनी लागलेली उकड बाजूला काढली, सकाळी वळलेले लाडू नैवेद्याला ठेवले आणि गच्चीवर जाऊन धुक्यालाच अर्घ्य दिलं, कारण चंद्र त्यामागे आहे हे त्यांना आता कुणी सांगायची गरज नव्हती. त्यागीभाभी शेजारी उभ्या राहून तेच करत होत्या.

जेवण होता होता गुरुजींचाच फोन आला. “सुमित्राबाई, माझी सतरा मिनिटं तीस वर्षं चालली,” ते म्हणाले. “कितीजणींना पौषात उगाच उपाशी ठेवलं असेल मी, आणि ज्येष्ठात घाईने जेवायला घातलं असेल, कोण जाणे.”

“तुम्ही सांगत होतात म्हणून आम्ही वजा तरी करत होतो गुरुजी. मी आले तेव्हा लोक मुंबईच्याच वेळेला चंद्र बघत होते.”

ते हसले. मग कामाचं बोलले. मंडळाची नव्या वर्षाची दिनदर्शिका छापायला जायची होती. तिच्यात दर चतुर्थीपुढे दिल्लीची वेळ घालायची आणि खाली सुमित्राबाईंच्या पानाचं नाव. आकडे मात्र त्यांना कागदावर हवे होते, हाताने लिहिलेले, म्हणजे ते एकदा स्वतः गणित करून ताडून बघतील. ही शेवटची अट सुमित्राबाईंना सगळ्यात आवडली. ताडून बघतो म्हणणारा माणूस मानतो तेव्हा खरा मानतो.

पद्माकर कोठीच्या बटणांवर चिकटपट्टी लावत होते. तिच्यावर त्यांनी ऑफिसातल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: हे बंद करू नये. खाली सही आणि तारीख. सुमित्राबाईंनी ते वाचलं, मान हलवली, आणि टेबलावर आखीव कागद घेऊन चैत्रापासून आकडे उतरवायला बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून त्यांना पहाडगंजला जायचं होतं, गुरुजींच्या हातात तो कागद द्यायला.